खोटं वाचलं, की अर्धं वाचलं?

पत्र थोडक्यात असं आहे. पत्रलेखिका सत्तेचाळीस वर्षांच्या, गेली वीस वर्षं हिशेब तपासण्याच्या कामात. सहा-सात वर्षांपूर्वी त्यांना इतिहासावरची आणि माणसाच्या विचारांवरची लोकप्रिय पुस्तकं वाचायचा नाद लागला. रोज रात्री निजण्याआधी तासभर वाचून आतापर्यंत साठेक पुस्तकं झाली. त्यातली प्रशांत महासागरातल्या रापा नुई, म्हणजेच ईस्टर बेटाची गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली: अजस्र पुतळे हलवण्यासाठी बेटावरच्या लोकांनी शेवटचं झाडसुद्धा तोडलं, मग उपासमार, आपसात लढाया, आणि युरोपीय जहाजं पोचण्याआधीच त्या समाजाचा विनाश. मुलाच्या शाळेत पर्यावरण दिनाला त्यांनी ती चाळीस मुलांना सांगितली. मुलं चिडीचूप ऐकत होती. त्याच रात्री इतिहासात एम.ए. करणारी भाची म्हणाली, ‘मावशी, हे आता कोणी मानत नाही गं. ही पुस्तकं खपण्यासाठी लिहिलेली असतात.’ तेव्हापासून पुस्तक उघडवत नाही. त्या लिहितात: ‘मी चाळीस मुलांना खोटं सांगून आले. आता जे काही वाचलं त्यातलं किती खरं नि किती खोटं, हे मला कधीच कळणार नाही, कारण मी त्या विषयातली नाही. वाचन बंद करू? की फक्त अभ्यासकांची पुस्तकं वाचू? तशी दोन आणून पाहिली, तिसाव्या पानापुढे गेले नाही. यजमान म्हणतात कादंबऱ्या वाच, त्या खोट्या असतात हे निदान आधी ठाऊक असतं. आणि खरं सांगायचं तर साठ पुस्तकांतलं मला आता काही धड आठवतही नाही.’

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: ‘मी चाळीस मुलांना खोटं सांगून आले.’ बाकी पत्रात तुम्ही वाचनाबद्दल विचारता आहात, पण बोच आहे ती इथे. ऐकलेली गोष्ट पुढे सांगून मोकळी होणारी माणसं पुष्कळ असतात. आपण सांगितलं त्याची जबाबदारी आपली, असं वाटून जिची झोप उडते अशी एखादीच. अशा वाचकाने पुस्तक मिटून ठेवावं असं मला मुळीच वाटत नाही. म्हणून आधी त्या ‘खोटं’ शब्दाकडेच पाहू.

तुमचं काम हिशेब तपासण्याचं. खातेवहीत एक नोंद चुकलेली सापडली तर तुम्ही वही फेकून देत नाही. ती नोंद कुठल्या पावतीवरून आली ते पाहता, आणि तशीच चूक आणखी कुठे झाली असेल त्या जागा चाळता. पुस्तकांच्या बाबतीत मात्र तुम्ही एका वाक्यासरशी साठच्या साठ बाद केलीत. ते वाक्यही तपासलं नाहीत. चला, ती एक नोंद आपण दोघी मिळून तपासू.

याकोब रोखेव्हेन हा डच दर्यावर्दी १७२२ साली ईस्टरच्या दिवशी त्या बेटावर पोचला. तेव्हा तिथे मोठी झाडं जवळपास नव्हतीच. पण त्याआधी कधीतरी त्या बेटावर ताडाच्या जातीच्या झाडांचं रान होतं, हे ज्वालामुखीच्या मुखातल्या तळ्यांच्या गाळात सापडलेल्या परागकणांवरून कळतं. हजाराच्या आसपास पुतळे कोरले गेले, तेही आज डोळ्यांना दिसतात. म्हणजे रान होतं, रान गेलं, पुतळे घडले, हा भाग पक्का आहे. मुलांना तुम्ही सांगितलेल्यातलं एवढं तरी जागचं हललेलं नाही.

वाद सुरू होतो तो ‘का’पाशी. झाडं पुतळे ओढायला तोडली, की शेतीसाठी जाळली, की माणसांबरोबर होड्यांतून आलेल्या उंदरांनी बिया कुरतडल्या आणि नवी झाडं उगवलीच नाहीत? कोणी एका कारणावर भर देतं, कोणी दुसऱ्यावर. २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात अठरा माणसांनी तीन दोर लावून पुतळ्याची काही टन वजनाची प्रतिकृती उभ्याउभ्या डोलवत पुढे नेऊन दाखवली. खाली ओंडके घालायची गरज पडली नाही. बेटावरच्या लोकांच्या सांगण्यातही पुतळे ‘चालत’ आले असंच येतं. एका प्रयोगाने सगळे पुतळे तसेच नेले हे सिद्ध होत नाही, पण ‘पुतळ्यांपायी रान संपलं’ ही गाठ त्याने सैल केली.

आणि विनाश? २०२४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात पंधरा जुन्या रापानुई माणसांच्या अवशेषांतल्या डीएनएचा अभ्यास छापून आला. सतराव्या शतकात तिथली लोकसंख्या कोसळली असती तर तिची खूण वंशजांच्या डीएनएत राहायला हवी होती. ती सापडली नाही. खरा घाला नंतरचा आहे आणि त्याची कागदोपत्री नोंद आहे. १८६२-६३ साली पेरूहून आलेल्या गुलाम पकडणाऱ्या जहाजांनी हजाराहून जास्त माणसं पळवून नेली. जी थोडी परत आली त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. १८७७ साली बेटावर १११ माणसं उरली होती.

आता पाहा. स्वतःच्या हाताने स्वतःला संपवणारा समाज, ही तुम्ही सांगितलेली गोष्ट. झाडं गेल्यावरही उघड्या माळावर तग धरून राहिलेला आणि मग बाहेरच्यांनी लुटलेला समाज, ही दुसरी. दोन्हींत रान गेलंच आहे. ज्यांच्यावर ठपका बसतो ती माणसं मात्र बदलली. ही लहान गोष्ट नाही, आणि तुम्हाला जे लागलं ते योग्यच लागलं. पण ‘खोटं सांगितलं’ यापेक्षा ‘अर्धं सांगितलं, आणि उरलेल्या अर्ध्याचं कारण चुकलं’ हे जास्त अचूक आहे. तपासणीच्या शेऱ्यात तुम्हीही असंच लिहिलं असतं.

शिवाय तारखा पाहा. ती गोष्ट ज्या पुस्तकाने घरोघरी पोचवली ते २००५ सालचं. आक्षेप पुढच्याच वर्षी छापून येऊ लागले, डीएनएचा अभ्यास एकोणीस वर्षांनी आला. लेखकाने त्या वेळी हाताशी असलेल्या पुराव्यातून एक बाजू निवडली आणि ती फार ठासून मांडली. हा दोष आहेच. पण खपण्यासाठी खोटं लिहिणं वेगळं, आणि आपल्या तर्काच्या प्रेमात पडणं वेगळं. दुसरा दोष अभ्यासकांनाही जडतो.

माझ्या मते अडचण मुळात अशी आहे. आपण विश्वास पुस्तकावर ठेवतो, आणि तो ठेवायला हवा एकेका विधानावर. इतिहासाच्या कुठल्याही चांगल्या पुस्तकात तीन प्रकारची वाक्यं एकमेकांत विणलेली असतात: काय घडलं, का घडलं, आणि त्यातून आपण काय समजायचं. पहिल्या प्रकाराला पुरावा लागतो, आणि तो बहुधा असतो. दुसऱ्याला पुराव्याबरोबर तर्क लागतो, आणि तिथे जाणत्यांचंही एकमत नसतं. तिसरा सर्वस्वी लेखकाचा. कसलेला लेखक हे तिन्ही एकाच सुरात सांगतो, आणि शिवण कुठे आहे ते दिसू देत नाही. त्याच्या लेखणीचं बळ त्यातच आहे आणि वाचकाची फसगतही तिथेच होते. तुम्ही पेन्सिल घेऊन फक्त एक प्रकरण असं वाचून पाहा. समासात घटनेला ‘घ’, कारणाला ‘का’, बोधाला ‘बो’. एका प्रकरणापुरतंच करा, पुढे डोळ्यांना आपोआप सवय होते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मला सगळ्यात आवडलेल्या प्रकरणात ‘घ’ इतके थोडे निघाले की मी पेन्सिल खाली ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

माझाही एक अनुभव सांगते, कारण तुमच्यासारखीच मीही भर सभेत एक गोष्ट सांगितली आहे. १९६४ सालच्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज नावाच्या तरुणीचा पहाटे खून झाला. अडतीस शेजारी अर्धा तास खिडकीतून पाहत राहिले आणि एकानेही पोलिसांना फोन केला नाही, अशी ती गोष्ट. मानसशास्त्रावरच्या कितीतरी पुस्तकांत ती आहे. मी ती एका महाविद्यालयात सांगितली आणि शहरी माणसाच्या कोरडेपणावर बरंच बोलले. पुढे एकदा लेखासाठी संदर्भ हवा म्हणून पुस्तकामागच्या टिपा उघडल्या. टीप दुसऱ्या पुस्तकाकडे बोट दाखवत होती. ते काढलं, तर त्याची टीप १९६४ च्या वर्तमानपत्रातल्या बातमीकडे. आणि त्या बातमीतला अडतीसचा आकडा कुठून आला, तर एका संपादकाला जेवताना पोलीस आयुक्ताने सांगितलं होतं तिथून.

नंतरच्या संशोधकांनी खटल्याची कागदपत्रं वाचून काढली. हल्ले दोन झाले. दुसरा इमारतीच्या मागच्या बाजूच्या जिन्यापाशी, जिथे बहुतेक शेजाऱ्यांची नजर पोचूच शकत नव्हती. अनेकांनी फक्त ओरडणं ऐकलं होतं. काही जणांनी खरोखर पाहिलं आणि काही केलं नाही, हेही खरं आहे. पण एक शेजारीण मारेकरी अजून तिथेच असेल की काय हे ठाऊक नसताना जिना उतरून धावली आणि मरणाऱ्या किटीला कुशीत घेऊन बसली. बातमीत ती बाई नव्हती. ज्या वर्तमानपत्राने बातमी दिली होती त्यानेच २०१६ साली ती सदोष होती असं नोंदवलं.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. आकडा चुकला याचं तितकंसं नाही. माझ्या सांगण्यात ती शेजारीण नव्हती, याचं जास्त. पण त्यातून पुढे जे दिसलं ते मला तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे. त्या अर्धवट गोष्टीने दोन तरुण मानसशास्त्रज्ञांना एक खरा प्रश्न दिला: गर्दीत माणूस मदतीला कचरतो का? १९६८ सालापासून त्यांनी प्रयोग छापले. खोलीत एकटं असताना माणूस चटकन उठतो, इतरही आहेत असं वाटलं की रेंगाळतो, असं त्यांना दिसलं. मग २०१९ साली तीन देशांतल्या शहरांच्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांतली २१९ भांडणं तपासली गेली, आणि दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडला होता. तर माणूस कोरडा की मायाळू? प्रश्न अजून चालू आहे. मी तो अडतीसच्या आकड्यापाशी थांबवला होता, एवढंच.

आता तुमचा दुसरा प्रश्न: फक्त अभ्यासकांचंच वाचावं का? त्याच्या पोटात एक समजूत आहे, की अभ्यासकाचं ते खरं आणि लोकप्रिय ते भेसळीचं. ही भिंत इतकी पक्की नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन यांचं उदाहरण घ्या. २००२ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि २०११ साली त्यांनी सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेलं पुस्तक जगभर वाचलं गेलं. त्यात एक प्रकरण अशा प्रयोगांवर होतं की नकळत नजरेखालून गेलेल्या शब्दांनी माणसाचं वागणं बदलतं. म्हातारपणाशी जोडलेले शब्द वाचायला दिले की माणूस हळू चालू लागतो, अशा धर्तीचे. पुढे ते प्रयोग इतरांनी करून पाहिले तेव्हा त्यातले कित्येक उभे राहिले नाहीत. २०१५ साली तर मानसशास्त्रातले शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, आणि जेमतेम छत्तीस टक्क्यांतच आधीसारखा ठळक निष्कर्ष हाती आला. हे सगळे मूळ प्रयोग अभ्यासकांच्या नियतकालिकांत, तज्ज्ञांच्या चाळणीतून गेलेले होते. काहनेमन यांनी २०१७ साली जाहीरपणे लिहिलं की लहान नमुन्यांच्या प्रयोगांवर आपण नको तितकी भिस्त ठेवली. माझ्या मनातला त्यांच्याविषयीचा आदर त्या दिवशी वाढला. त्यांचं पुस्तक मी काढून टाकलं नाही. त्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर ‘२०१७ पाहा’ एवढं लिहून ठेवलं.

म्हणून तिसाव्या पानाशी अडकलात याची खंत करू नका. अभ्यासकाने अभ्यासकांसाठी लिहिलेलं पुस्तक बऱ्याचदा आधीच चाललेल्या भांडणात घातलेली भर असते. भांडण कशावरून लागलंय ते ठाऊक नसताना मधूनच आत शिरणाऱ्याला ते नीरस वाटणारच. त्यासाठी एक मधली वाट आहे. अशा पुस्तकाची प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण एवढंच वाचा. प्रस्तावनेत लेखक कोणाशी आणि का असहमत आहे ते सांगतो, शेवटी स्वतःचं म्हणणं आवरून मांडतो. मधली तीनशे पानं पुराव्याची असतात. ती तुम्हाला हवी तेव्हा उघडायला आहेतच, पाठ करायला नव्हेत. याशिवाय विषयातल्या माणसांनी नवख्यांसाठी लिहिलेली छोटी ओळखवजा पुस्तकं असतात. आणि गाजलेल्या पुस्तकाचं त्याच विषयातल्या कोणी लिहिलेलं सविस्तर परीक्षण. तुमच्या मनात घर करून बसलेल्या प्रत्येक पुस्तकासाठी असं एक परीक्षण, शक्यतो न पटलेल्या माणसाचं, जरूर शोधा. साठांसाठी नको. घर करून बसलेली पाच-सहाच असतील.

‘मी त्या विषयातली नाही’ हेही मला पुरतं मान्य नाही. तुम्ही एका विषयातल्या आहातच. हिशेबाचा इतिहास मोठ्या पटावरच्या पुस्तकांत हमखास येतो, आणि त्याबरोबर लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाचं नाव. ‘दुहेरी नोंदीची पद्धत पाचोलीने १४९४ साली शोधली’ असं एखाद्याने लिहिलं असेल, तर सावध व्हा. पाचोलीने त्या साली व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात तुम्हाला ठाऊक असलेली, प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्हीकडे लिहिण्याची ती पद्धत नीट मांडली, छापील रूपात पहिल्यांदा. पण इटलीतले व्यापारी त्याआधी दीडशे वर्षांहून जास्त काळ तसे हिशेब ठेवत होते. जेनोआच्या नगरकारभाराची १३४० सालची दुहेरी नोंदीची खाती आजही आहेत. ‘शोधली’ आणि ‘मांडली’ या दोन क्रियापदांत लेखकाची काळजी दिसते. जो तुमच्या परिचयाच्या गल्लीत नीट चालतो, तो अनोळखी गल्लीतही बराचसा नीट चालत असेल असं धरायला हरकत नाही. नव्या जाडजूड पुस्तकाचं मी पहिलं पान वाचत नाही. शेवटची सूची उघडून मला थोडंफार कळतं अशा विषयाचं पान काढते. शिक्षक, परिचारिका, गवंडी, वकील, कोणीही हे करू शकतं. प्रत्येकाच्या पेशाला इतिहास असतो.

वाचताना आणखी काही जागी कान टवकारायचे. ‘एकाच कारणामुळे’, ‘पहिल्यांदाच’, ‘आजवर सगळेच समजत होते’ असे शब्द संशयास्पद नाण्यांसारखे वाजवून घ्यावेत. मध्ययुगात सगळे पृथ्वी सपाट समजत होते आणि कोलंबसाने ते खोडून काढलं, हे असंच एक. पृथ्वी गोल आहे हे त्या काळच्या शिकलेल्यांना ठाऊक होतं. कोलंबसाशी त्यांचा वाद अंतरावरून होता, आणि अंतराच्या बाबतीत चूक कोलंबसाचीच होती. सपाट पृथ्वीची गोष्ट पसरवण्यात एकोणिसाव्या शतकातल्या एका रसाळ कोलंबस-चरित्राचा मोठा हात आहे. तसाच गोल आकडा. दहा हजार तास सराव केला की कोणीही निष्णात होतो, हे तुम्ही वाचलं असेल. १९९३ सालच्या मूळ अभ्यासात ती बर्लिनच्या उत्तम व्हायोलिनवादकांच्या विसाव्या वर्षापर्यंतच्या सरावाची सरासरी होती, कसला उंबरठा नव्हे. त्यातल्या निम्म्यांनी तेवढे तास भरलेही नव्हते, हे त्या अभ्यासाच्या मुख्य संशोधकाने नंतर स्वतः लिहिलं. आणि तिसरी जागा: पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनात ‘त्या रात्री काय आलं’ हे लेखक छातीठोक सांगू लागला, की मागे टीप आहे का ते पाहायचं. त्या माणसाचं पत्र असेल तर ठीक. बखर आणि समकालीन पत्र यातला फरक मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

पण सगळंच तपासत बसलात तर वाचनाचा जीव जाईल. माझा नियम साधा आहे. वाचताना मोकळेपणी वाचावं, आणि सांगण्याआधी तपासावं. जे विधान मी चारचौघांत सांगणार आहे, मुलाला शिकवणार आहे, किंवा ज्याच्या बळावर एखादा निर्णय घेणार आहे, त्याच्यापुरते अर्धा तास टिपा उलटते. बाकीचं ‘असं एका पुस्तकात वाचलं’ या खणात राहू देते.

काय वाचावं याबद्दल एक मनापासूनची सूचना. साठ पुस्तकं साठ विषयांवरची असतील, तर पुढची तीन एकाच विषयावरची घ्या. तिसऱ्या पुस्तकात पहिल्याची फट तुम्हाला स्वतःला दिसेल, भाचीने दाखवावी लागणार नाही. आणि दहा हजार वर्षांच्या पटाबरोबर अधूनमधून एक लहान पट घ्या: एक गाव, एक खटला, एक माणूस. इटलीच्या उत्तरेला फ्रिउली प्रांतात मेनोक्किओ नावाने ओळखला जाणारा एक गिरणीवाला होता. धर्मपीठाने त्याची दोनदा चौकशी केली, १५८४ साली आणि १५९९ साली, आणि दुसऱ्या चौकशीनंतर त्याला मारलं. चौकशीत त्याचा शब्दन्‌शब्द लिहून घेतला गेला म्हणून तो आपल्याला माहीत आहे. त्याने दहा-बारा पुस्तकं वाचली होती, बरीचशी उसनी. ती त्याने आपल्या पद्धतीने वाचली. पुस्तकातलं एक वाक्य आणि गावात ऐकलेलं दुसरं जोडून त्याने स्वतःचं जग रचलं, आणि न्यायाधीशांपुढे सांगितलं की दुधात चीज धरावं तसं हे विश्व धरलं आणि त्यात किडे व्हावेत तसे देवदूत झाले. पंडितांच्या लेखी त्याने सगळं चुकीचं वाचलं होतं. चारशे वर्षांनी एका इतिहासकाराने त्याची कागदपत्रं उघडली, तेव्हा त्याला महत्त्वाचं वाटलं ते हेच, की विषयात नसलेला एक माणूस इतक्या थोड्या पुस्तकांवर इतका विचार करत होता. ताई, तुमचं पत्र वाचताना मला तो आठवत होता.

यजमानांचा सल्ला प्रेमाचा आहे आणि कादंबऱ्या जरूर वाचा, पण याऐवजी नव्हे. तुम्हाला खरंच काय घडलं याची ओढ आहे. ती कादंबरीने भागणार नाही.

आठवत नाही म्हणता, त्याला एक उपाय आहे आणि तो पारखलेला आहे. २००६ साली दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे. तेव्हा प्रकरण संपलं की पुस्तक मिटा आणि मागच्या कोऱ्या पानावर तीन ओळी लिहा: लेखक काय म्हणतो, कशावरून म्हणतो, मला काय पटलं नाही. तिसरी ओळ कधी रिकामी राहील. राहू द्या, पण जागा सोडा. तारीख टाका. वर्षाने ती पानं चाळाल तेव्हा पुस्तक किती आठवतं यापेक्षा आपण तेव्हा काय मानत होतो, हे वाचायला जास्त गंमत येईल.

आता भाचीकडे वळू. ती म्हणाली ‘कोणी मानत नाही’. हेही एक विधानच आहे, आणि पुस्तकातल्या विधानाला लावायची कसोटी त्यालाही लागते. कोण मानत नाही? कधीपासून? मग आता काय मानतात? हे तिला वाद म्हणून विचारू नका. तिला ते ठाऊक असेल तर तुम्हाला घरातच एक वाटाड्या मिळाला. नसेल ठाऊक, तर दोघी मिळून शोधा. त्या वयात आपण नुकतंच शिकलेलं जरा जोरात बोलतो. पण मावशी काय वाचते याची तिला फिकीर आहे, म्हणून तर ती बोलली.

आणि ती चाळीस मुलं. शाळेत बाईंना भेटा आणि दहा मिनिटं मागून घ्या. पर्यावरण दिनाची वाट पाहू नका. मुलांना सांगा, ‘मी तुम्हाला एका बेटाची गोष्ट सांगितली होती, तिचा उरलेला भाग मला नंतर कळला.’ उंदीर सांगा, दोर लावून चालणारा पुतळा सांगा. शक्य असेल तर एक जड खोका उभा करून दोन बाजूंनी दोर बांधा आणि मुलांनाच तो डोलवत पुढे न्यायला लावा. मग जहाजं सांगा, आणि १११ हा आकडा फळ्यावर लिहा. कोणीतरी विचारेल, मग आधीचं चूक होतं का? कुठलं चूक होतं, कुठलं नव्हतं आणि कुठलं अजून कोणालाच नक्की ठाऊक नाही, ते तीन रकान्यांत त्यांच्याकडूनच भरून घ्या. रकाने आखायचं तुम्हाला मी शिकवायला नको.

भाची येऊ शकत असेल तर तिलाही बरोबर न्या. आणि मुलांनी काय काय विचारलं, ते मला नक्की कळवा.